दूधविनायकातले नऊ आरसे

दूधविनायक, काशी
२२ नोव्हेंबर १९३२

वेणीमाधवास,

आशीर्वाद नेहमीइतकेच, राग मात्र या खेपेला थोडा जास्त आहे, आणि आनंद रागापेक्षाही जास्त. तेव्हा पत्र बसून वाच.

इंदूरला अनुष्ठानाला निघताना ओट्यावर उभा राहून, चार शिष्यांच्या देखत, तू मला काय ऐकवलंस ते आठवतं ना? जबलपूरला तीस वर्षं मुलींची शाळा चालवून पेन्शन घेऊन मी या घरी आले. बाबांनी ही पुढची खोली माझ्या नावे ठेवलेली. म्हटलं, गल्लीतल्या सात मुलींना सकाळी दोन तास शिकवीन. तर तू म्हणालास, "अक्का, वर माझी वेदशाळा, तिथे मुलींना येता येणार नाही. आणि खालच्या खोलीत भर दुपारी हाताची बोटं मोजता येत नाहीत. कंदिलाच्या धुरात पोरींचे डोळे जातात असं तुम्हीच म्हणता. ज्या दिवशी तिथे दिव्यावाचून बाराखडी वाचता येईल, त्या दिवशी खुशाल वर्ग काढा." शिष्य हसले. तूही हसलास. विजेची तार गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी आहे, तिला तू आत घेत नाहीस, कारण तारेतून काय वाहतं ते कुठल्या ग्रंथात सापडलं नाही!

तर ऐक. त्या खोलीत ऊन येणार आहे. मी आरसे घेतले. नऊ!

अस्सीजवळ एका जमीनदाराची कोठी पाडताहेत. तिथलं सामान एका कबाड्याने उचललं होतं. त्याला वाटलं, म्हातारी बाई आहे, नवी काच जुनी म्हणून खपेल. मी एकेका काचेला नखाचं टोक लावून पाहिलं. नख आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात फट दिसते. जेवढी फट, तेवढी काच जाड. मागे जुन्या पद्धतीचा पारा असला की चेहरा किंचित सावळा दिसतो, चांदीच्या नव्या आरशासारखा भगभगीत नाही. अकरा आरसे मी बाजूला सारले तेव्हा कबाडी म्हणाला, "माताजी, आप पहले बता देतीं कि आप व्यापारी हैं." मी म्हटलं, मी मास्तरीण आहे, ते त्याहून वाईट.

तीन तर पुरुषभर उंच आहेत, बेल्जियमची काच, भोवती सोनेरी नक्षी आणि चारी कोपऱ्यांत पंख असलेली गुटगुटीत उघडी बाळं. शिवराम नावाड्याने सगळे नावेतून आणले. वेणी, तू तिथे हवा होतास! अहिल्याबाई घाटापाशी स्नान करणाऱ्या बायकांनी नावेत स्वतःला येताना पाहिलं, आणि अख्ख्या पायरीने एकदम कुंकू सारखं केलं. पंचगंगा घाट चढताना हमालांच्या पाठीवरून आकाश चाललं होतं. छत्रीखालचे पंडे मंत्र थांबवून बघत राहिले.

आनंदीने बाळांकडे पाहून विचारलं, "वन्सं, हे कुणाचे बाळकृष्ण?" आणि मी सांगायच्या आत बाराही जणांना हळदकुंकू लावून मोकळी झाली. तुझी बायको माझ्यापेक्षा झटपट निर्णय घेते.

शरदिनी

*

इंदूर
१ डिसेंबर १९३२

अक्का,

दोन्ही हात जोडून नमस्कार. पत्र वाचल्यावर हात जोडण्यापलीकडे काही सुचले नाही.

मी ओट्यावर बोललो ते गमतीने बोललो होतो. त्यावर तुम्ही नावभर आरसे आणाल, हे साठ वर्षे तुम्हांला ओळखूनही माझ्या लक्षात यायला हवे होते. ऊन म्हणजे काही गाय नव्हे, दावे धरून गच्चीवरून खाली आणायला. आपल्या गल्लीत सूर्य डोक्यावर येतो तोही पळभर, आणि घाईत असल्यासारखा निघून जातो. शिवाय गच्चीवर वानरे आहेत, त्यांचा विचार केला आहे का?

तरी शब्द दिला तो दिला. खोलीत बाराखडी वाचता आली तर वर्ग काढा. मी आड येणार नाही.

एकच विनंती. घराला बोल लागू देऊ नका. लोक धर्माचा निर्णय मागायला माझ्या दारी येतात. माझ्याच घरात ढिलाई आहे असे एकदा ठरले, की माझा निर्णय कोण ऐकणार? समोरचे यज्ञेश्वरशास्त्री तर अशा संधीची पंधरा वर्षे वाट पाहत आहेत. त्या उघड्या बाळांवर काहीतरी वस्त्र टाका.

आनंदीला खुशाली सांगा. तिचे गुडघे कसे आहेत ते ती लिहवून घेत नाही, तुम्ही लिहा.

वेणीमाधव

*

दूधविनायक
१९ डिसेंबर १९३२

वेणीमाधवा,

आलं! ऊन आलं! सकाळी साडेसात वाजता, पुढच्या खोलीत, दिवा न लावता मी पंचांगातली बारीक अक्षरं वाचली. आज राहुकाळ कधी आहे ते विचार, सांगते.

कसं केलं ते ऐक. पहिला मोठा आरसा गच्चीच्या मागच्या कठड्याला, पूर्वेकडे तोंड करून. तो ऊन पकडतो आणि चौकात खाली टाकतो. चौकाच्या भिंतीला दुसरा. तो ते ऊन मधल्या दारातून पुढच्या खोलीत ढकलतो. तिसरा खोलीत, समोरच्या भिंतीवर. तो सगळीकडे वाटतो. उरलेले सहा मी भिंतींवर लावले आहेत, लंबगोल दोन खिडकीशेजारी, शिंपल्याचं काम केलेला कोनाड्यात, बाकीचे जिथे काळोख जास्त हट्टी होता तिथे. काहींचा पारा जागोजागी उडाला आहे, काळे ठिपके पडले आहेत. मला ते आवडतात. माझ्या हातांवरही तसेच आहेत.

तू म्हणालास, ऊन दाव्याला बांधता येत नाही. बांधलं! सूर्य सरकतो, म्हणून गच्चीवरचा आरसाही सरकवावा लागतो, आणि पहिले चार दिवस मी दर पाव तासाला तीन मजले चढत होते. शिवरामने ते पाहिलं आणि म्हणाला, "माताजी, पाल की डोरी जइसन बाँध देईं?" त्याने शिडाला बांधतात तशा दोन दोऱ्या बांधून चौकात सोडल्या. आता मी खाली उभी राहून एक ओढते, एक सोडते. नाव हाकल्यासारखी मी सकाळ हाकते.

वानरांबद्दल तुझं खरं ठरलं, हे लिहिताना मला त्रास होतोय. पहिल्या दिवशी एका हुप्प्याने आरशातल्या हुप्प्याशी भांडण काढलं. दुसऱ्या दिवशी तो कुटुंबाला घेऊन आला. तिसऱ्या दिवशी एका बाळाचा पंख मोडून नेला. मग शिवरामने मासे धरायचं जुनं जाळं आरशावर ताणलं. ब्राह्मणाच्या गच्चीवर कोळ्याचं जाळं, हे यज्ञेश्वरशास्त्र्यांना दिसत नाही. त्यांची गच्ची बुटकी आहे.

सातही मुलींच्या आयांनी होकार दिला आहे. सातवी कोण, ओळख. यज्ञेश्वरशास्त्र्यांची नात बकुळ! आजोबांना अजून विचारलेलं नाही, म्हणून संक्रांतीला मी त्यांना जेवायला बोलावणार आहे. गुळाची पोळी खाल्लेला माणूस नाही म्हणत नाही. संक्रांतीनंतर चांगला दिवस पाहून वर्ग सुरू.

आनंदीचे गुडघे तसेच. पंचगंगेच्या पायऱ्या तिला उतरवत नाहीत, गच्चीही चढवत नाही. पण हल्ली ती स्वयंपाकघरात गुणगुणत असते. तू घरात नाहीस म्हणून असेल.

अक्का

*

दूधविनायक
१६ जानेवारी १९३३

वेणीमाधवा,

सर्व ठीक. थंडी फार आहे. तिळगूळ पोस्टाने पाठवला आहे, डबा परत आण.

यज्ञेश्वरशास्त्री संक्रांतीला जेवून गेले. म्हणजे जेवायला येऊन गेले.

वर्गाचा दिवस अजून ठरलेला नाही. घाई कशाला?

अक्का

*

इंदूर
२० जानेवारी १९३३

अक्का,

तुमचे पत्र सहा ओळींचे आणि यज्ञेश्वरशास्त्र्यांचे नऊ पानांचे, दोन्ही एकाच टपालाने मिळाली. तुम्ही सहा ओळींत कधी थांबला आहात का? तुमचे वाचून लगेच त्यांचे उघडले.

ते लिहितात की पुढच्या खोलीत ते पानावर बसले. समोर भिंतीवर आरसा. त्यात चौकातला आरसा दिसतो आणि त्यातून थेट आपले सोवळ्याचे स्वयंपाकघर. इतक्यात गल्लीतले कुत्रे दारातून आत डोकावले, त्याचेही तोंड त्याच आरशात उमटले, ते बरोबर आनंदीच्या भाताच्या पातेल्यावर. शास्त्रीबुवा आपोशन सोडून पानावरून उठले. कुत्र्याची दृष्टी पडलेले अन्न खाऊ नये, हे तर तुम्हीही जाणता.

तुम्ही म्हणाल, कुत्रे दारात होते आणि भात चौकापलीकडे. आरशातले कुत्रे खरे नव्हे. मीही आधी तेच म्हटले. पण त्यांनी पुढे जे लिहिले आहे त्यावर मला उत्तर सुचेना. देवाची तसबीर असली तर तिच्यावर पाणी घालत नाहीत. समोर आरसा धरतात आणि आरशातल्या प्रतिबिंबाला स्नान घालतात. ते स्नान देवाला पोचते असे मी स्वतः पाचशे लोकांना सांगितले आहे. मग ते विचारतात, प्रतिबिंबाला घातलेले पाणी देवाला पोचते, तर प्रतिबिंबातले कुत्रे भाताला का पोचू नये?

त्यांनी हे सगळीकडे सांगितले असणार. सातांपैकी किती मुली उरल्या, ते लिहा. आणि मला उत्तर सापडेपर्यंत तिन्ही मोठे आरसे झाकून ठेवा. ही विनंती नव्हे.

वेणीमाधव

*

दूधविनायक
२४ जानेवारी १९३३

वेणीमाधवा,

एकही उरली नाही. सहा जणींना त्याच संध्याकाळी आयांनी सांगितलं, त्या घरात जायचं नाही. बकुळबद्दल तर आजोबांना विचारायचीही वेळ आली नाही. तुला लिहिलं नाही, कारण तुझ्याकडून "मी सांगितलं होतं" हे ऐकण्यापेक्षा मी गंगेत आरशांसकट उडी मारली असती.

चूक माझी. मी ऊन कुठे जातं ते पाहिलं, नजर कुठे जाते ते पाहिलं नाही. पण शास्त्रीबुवांनी एका कुत्र्याच्या नाकासाठी गुळाच्या पोळ्या टाकून उठावं? आनंदी पहाटेपासून चुलीशी होती! त्या कुत्र्याने पोळीकडे पाहिलंही नाही रे, ते स्वतःकडे बघत होतं.

तुझं पत्र आल्यावर मी तीन जुन्या धाबळ्या काढल्या. आनंदी सोवळ्यात होती. म्हणाली, "वन्सं, आरसे झाकायचे?"

"तुझ्या यजमानांची आज्ञा आहे."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "म्हणजे माझी गंगापण जाणार."

"कुठली गंगा?"

तिला मला शिवता येईना, म्हणून तिने पळीने जागा दाखवली. "तिथे उंबऱ्याबाहेर उभ्या राहा. आता वाका. आणखी. माझ्या उंचीच्या व्हा."

मी वाकले. वेणीमाधवा, चौकातल्या आरशात गच्चीवरचा आरसा दिसतो, आणि स्वयंपाकघरातून कोन असा पडतो की त्यात सूर्य नाही, त्याच्या खालची नदी दिसते. पंचगंगेसमोरचं पाणी, पलीकडची वाळू, एक नाव हळूहळू चाललेली. जाळ्याच्या चौकटी पडल्या होत्या तिच्यावर, पण गंगाच.

"सहा वर्षं झाली घाट उतरून," आनंदी म्हणाली. "आता रोज भाताचं आधण ठेवलं की इथूनच हात जोडते. तुम्हांला सांगितलं नाही, तुम्ही आरसा हलवाल म्हणून भीती वाटली."

आणि मग, कढईत उलथनं फिरवत, जराही आवाज न चढवता, ती म्हणाली, "शास्त्रीबुवांना एकदा कुत्रं दिसलं. गंगा रोज असते. कुत्रं आरशातून भातात पोचतं, तर गंगा पोचत नाही होय?"

मी तिथेच पायरीवर बसले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला आठ वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, तू पंचवीस वर्षं न्याय शिकवतोस, आणि उत्तर कढईशी उभं होतं!

बघ ना रे! प्रतिबिंब पोचत असेल, तर तुझ्या घरात साडेसात ते नऊ प्रत्येक शितावर गंगा पडते. कुत्र्याचं तोंड पडलं तेव्हाही पडतच होती. आणि पोचत नसेल, तर कुत्रंही पोचलं नाही. शास्त्रीबुवांनी कुठलाही पाय आधी टाकावा, ते माझ्याच खोलीत येतात.

धाबळ्या परत पेटीत ठेवल्या आहेत. तुझी आज्ञा मी मोडली, हे स्पष्ट लिहिते. आता निर्णय दे, आणि लवकर दे. मुलींचे दिवस वाया जाताहेत.

अक्का

*

इंदूर
२८ जानेवारी १९३३

अक्का,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि चौथ्यांदा इथल्या दोन विद्वानांना वाचून दाखवले. एक इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. दुसरे हसले नाहीत. त्यांनी विचारले, "हा मुद्दा कुणाचा?" मी म्हटले, माझ्या पत्नीचा. ते म्हणाले, "मग आजवर घरात बोलतो तरी कोण?" मला आनंदीचा आवाज चुलीच्या बाजूने येतो एवढेच ठाऊक होते. तिथून काय दिसते हे एकतीस वर्षांत विचारले नाही.

निर्णय लिहून यज्ञेश्वरशास्त्र्यांना आजच्याच टपालाने पाठवला आहे. प्रतिबिंब पोचते असे मानले, तर त्या अन्नाला कुत्र्याच्या आधी आणि नंतरही गंगेचा स्पर्श आहे, ते शुद्ध. पोचत नाही असे मानले, तर दोषच उत्पन्न होत नाही. खाली माझी सही आहे आणि इथल्या दोघांचीही. मुद्दा आनंदीचा, असेही त्यात लिहिले आहे. शास्त्रीबुवांना पानावरून उठावे लागले त्याबद्दल मी क्षमा मागितली आहे, तुम्हीही मागा.

एका बाबतीत मात्र त्यांचेच खरे. सोवळ्याचा स्वयंपाक दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये. तेव्हा चौकातला आरसा चार बोटे फिरवून स्वयंपाकघराकडची बाजू बंद करा. मग वर्ग काढायला माझी काही हरकत नाही.

वेणीमाधव

*

दूधविनायक
२ फेब्रुवारी १९३३

वेणीमाधवा,

सहापैकी चार मुली परत आल्या, आणि काल रथसप्तमीला वर्ग सुरू झाला!

आधी तुझ्या चार बोटांचं सांगते. तुझं पत्र मी आनंदीला वाचून दाखवलं. निर्णयापर्यंत ती मान खाली घालून ऐकत होती, तिचं नाव आलं तिथे पदर तोंडाशी गेला. चार बोटांपाशी तिने मान वर केली. म्हणाली, "त्यांना लिहा, आरसा चार बोटं सरकला तर मी चार महिने बऱ्हाणपूरला माहेरी सरकेन." मी विचारलं, शब्दशः लिहू? म्हणाली, "शाई जास्त लावून लिहा."

आरसा जागचा हललेला नाही. गल्लीच्या दाराला मी बांबूच्या काड्यांची चिक लावली. त्या दारातून ऊन कधी येतच नव्हतं, मग ते झाकायला कुणाची हरकत? आता गल्लीतून आत काही दिसत नाही, कुत्र्यालाही नाही, शास्त्र्यालाही नाही.

सूर्याचा सण आणि सूर्यच नाही! सात वाजता धुकं. चार मुली पाट्या घेऊन बसलेल्या, आया बाहेर ओट्यावर, कधी एकदा फजिती होते ते बघायला. मी चौकात दोन्ही दोऱ्या धरून उभी. शिवराम गच्चीवर, आरशावरचं दव पुसतोय. साडेसात झाले. पावणेआठ झाले. मग वरून तो ओरडला, "आवत हौ, माताजी! आवत हौ!" मी डावी दोरी ओढली आणि ऊन धाडदिशी चौकात पडलं, तिथून दारातून आत, आणि नऊच्या नऊ आरसे एकदम पेटले. मुलींनी "आई गं!" म्हणून पाट्या डोक्यावर धरल्या. आणि आया, ज्या चिकेपलीकडे थांबणार होत्या, त्या सगळ्या आत! एकीने तर चप्पलही काढली नाही. शाळेच्या तीस वर्षांत मी कुणावर इतक्या आनंदाने ओरडले नव्हते.

शास्त्रीबुवांची क्षमा मागायला मी काल सकाळीच समोर जाणार होते. खरं सांगते, जाणार होते. पण वर्ग चालू असतानाच चिक बाजूला झाली आणि यज्ञेश्वरशास्त्री स्वतः उंबऱ्याशी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बकुळ.

"तुमच्या भावाचा निर्णय वाचला," ते म्हणाले. "साफ चुकीचा आहे. मी खंडन लिहितो आहे."

"अवश्य लिहा. माझ्या हातून तुमचं पान मोडलं, त्याची क्षमा मागते. पण मग नातीला कशाला आणलंत?"

"निर्णयात कुत्र्यांचा बंदोबस्त सांगितलेला नाही," ते म्हणाले. "तो कुणीतरी करायला हवा. मी ओट्यावर बसतो. आता मी बसणारच, तर पोरगी घरी एकटी काय करणार?"

मी बकुळला पुढच्या रांगेत बसवलं. तिने 'ऋ' म्हटलं, तर चिकेबाहेरून आवाज आला, "जिभेचं टोक वर!" मी म्हटलं, शास्त्रीबुवा, वर्ग माझा आहे. मग काठी आपटल्याचा आवाज आणि एक कुत्रं केकाटत गेलं. बकुळने परत 'ऋ' म्हटलं, जिभेचं टोक वर करून, आणि मला मान्य करावं लागलं की बरोबर होतं.

वर्ग संपल्यावर आनंदीने त्यांना ताकाचा पेला पाठवला. त्यांनी तो उन्हात धरून बघितला. "यात गंगा आहे का?" आनंदीने आतून सांगितलं, "नऊ वाजून गेले, आता नुसतं ताक आहे." प्यायले. मिशीला लागलेलं पुसून म्हणाले, खंडनाला वेळ लागेल, मुद्दा कठीण आहे.

आज पाच मुली आणि ते, सगळे वेळेवर. गेलेल्या दोघींपैकी एकीची आई मघाशी चौकशी करून गेली.

अनुष्ठान उरकून तू पुढच्या आठवड्यात येतोस असं शिष्य सांगत होते. गाडी सकाळची असेल तर स्टेशनवरच थांब, चहा पी, किंवा मागच्या बोळातून गोठ्याच्या दाराने ये. सात ते नऊ पुढच्या दाराने कुणालाही आत सोडायचं नाही असं मी शास्त्रीबुवांना सांगून ठेवलं आहे. त्यांनी विचारलं, "वेणीमाधव आला तर?" मी म्हटलं, कुणालाही म्हणजे कुणालाही. वेणी, आनंदी म्हणते, पंधरा वर्षांत त्यांना इतकं खूश झालेलं तिने पाहिलं नाही.

अक्का